हाताबरोबर आलेलं

सकाळी प्रशिक्षण केंद्रात मनगटाला पट्टा बांधून बसल्यावर तासाभरात रेवतीच्या हातात कुणा दुसऱ्याचं वेल्डिंगचं कसब उतरलं होतं. संध्याकाळी तिने घराचं मोडकं फाटक जोडायला घेतलं. आई कौतुकाने बघत उभी होती. तिचे वडील, आबा, नेहमीसारखे पायरीवर बसून होते. एके काळी तेही वेल्डर होते, पण रेवती लहान असतानाच त्यांनी काम सोडलं. का सोडलं, हे कधी सांगितलं नाही. आई त्यांना उठता-बसता कामचोर म्हणायची.

जोड पक्का झाला. रेवतीने हातोडीने वरची खपली झाडली आणि तिच्या बोटांनी आपोआप कानाची पाळी धरली.

आई दचकली. “हे कुठनं शिकलीस? वस्तादाच्या नावानं असा कानाला हात फक्त तुझे आबा लावायचे.”

“शिकले नाही गं. हाताबरोबर आलं.”

कुणाचं कसब कुणाला दिलं, हे केंद्र सांगत नसे. पण एकदा दिलेलं कसब देणाऱ्याच्या हातात उरत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

“आबा, तुम्ही?”

“तू लहान असतानाच केंद्रात देऊन आलो. एकच अट घातली होती,” ते खाली बघत म्हणाले. “पोरगी मोठी झाली की तिलाच द्या. आधी सांगितलं असतं तर तू घेतलं नसतंस.”

आईने तोंडाला पदर लावला.

रेवती त्यांच्याजवळ पायरीवर बसली आणि हातोडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी धरली.

तिने ती हलकेच फिरवली. “अशी धरायची, आबा.”