काच लागण्याआधी

फ्रेमच्या दुकानात लेकीने नवं यंत्र आणलं, ‘दहा मिनिटांत फ्रेम’ अशी पाटी लावली, तरी म्हातारा बाप काच बसवण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाला हाक मारायचाच. “एकदा बघून घ्या. काच लागली की फोटोला हात लावता येणार नाही.” ती चिडायची. “बाबा, यातच रांग वाढते!” आज एक माणूस सारखा घड्याळ बघत काउंटर बडवत होता. “दहाची वीस मिनिटं झाली! तिकडे शोकसभा खोळंबलीय.” “झालंच,” म्हणत तिने स्वतःच काच उचलली. बापाने मात्र फोटो त्याच्यासमोर सरकवला आणि नेहमीचं तेच सांगितलं. माणसाने बोट पुढे केलं, फोटोतल्या आईच्या गालावर टेकवलं आणि ते तिथेच राहिलं. मागून कुणीतरी ओरडलं, “अहो, आटपा की!” लेकीने हातातली काच अलगद खाली ठेवली. “थांबा जरा,” ती म्हणाली. “काच अजून लागायचीय.”