मधला खांब

सलग तिसऱ्या दिवशी दुपारची झोप काढून दिगंबरराव बागेत आले, तर त्यांच्या खेळण्यातल्या आगगाडीच्या पुलाचा मधला खांब पुन्हा जागचा हललेला.

"मांजर असेल," पत्नी म्हणाली. पण मांजर खांब उपटून दोन बोटं पलीकडे सरळ उभा करत नाही. त्यांचा संशय सुनेवर होता. रुळांपायी कपडे वाळत घालायची जागा गेली, तेव्हापासून मृणाल गप्प गप्पच असे.

चौथ्या दिवशी ते झोपलेच नाहीत, पडद्याआड उभे राहिले. मृणाल आली, मातीत बसली आणि तिनं खांब उपटला. ते तरातरा बाहेर गेले.

"काय वाकडं केलंय या पुलानं तुझं?"

ती दचकली, पण हातातली थापी तिनं सोडली नाही. "बाबा, माती भुसभुशीत आहे. गाडी गेली की पूल खचेल. खाली खडी भरत होते. इंजिनिअरिंगला हेच तर शिकले."

लग्न ठरताना 'सुनेला नोकरीची गरज काय' असं म्हणणारे तेच होते. दिगंबरराव गुडघे सांभाळत तिच्याशेजारी बसले. गाडीसाठी पुढं बांधायच्या बोगद्याचा नकाशा त्यांनी खिशातून काढून तिच्यापुढे धरला.

"हा तू बांध. आणि नोकरीसाठी अर्ज कर."

मृणालनं नजर वर केली नाही.

"केलाय, बाबा. परवा मुलाखत आहे. तुम्हाला कसं सांगावं, हेच रोज इथं बसून ठरवत होते."