बोलणाऱ्यांची नावे

सर येताना दिसताच मॉनिटर शलाकाने खडू उचलला आणि फळ्यावर 'बोलणाऱ्यांची नावे' याखाली एकच नाव लिहिलं: हेमांगी. तेही इतका वेळ स्वतः मागच्या बाकावर खिदळून!

हेमांगीच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्गात जिच्या तोंडून कधी चकार शब्द निघत नाही, तिचं नाव? आणि लिहिलं कोणी, तर पहिलीपासूनच्या जिवलग मैत्रिणीने!

"अगं, कुणाचं तरी लिहावंच लागतं," शेजारी बसत शलाका कुजबुजली. "आणि तू थोडीच सरांना काही सांगणारेस?"

सरांनी डस्टर आपटलं. "हेमांगी, उभी राहा. बोलत होतीस?"

"नाही सर." तिचा आवाज थरथरला, तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचला. "पण आता बोलणार आहे."