चुना फासलेले वानर

"धर रे नारसिंग, घट्ट धर! डोया तेवढा वाचाड. बाकी बठ्ठं आंग पांढरं व्हवाले पाहिजे!"

चुडामण पाटलाने चुन्यात बुडवलेला कुंचा त्या तरण्या वानराच्या पाठीवर सपासप ओढला. गडी नारसिंग पोत्याने वानराला दाबून धरून होता आणि मान फिरवून उभा होता.

नंदुरबार स्टेशनाच्या पलीकडे उठलेल्या नव्या वस्तीत पहिले कौलारू घर चुडामणाचे. त्याला अद्याप वर्षही झाले नव्हते, तोच वानरांच्या टोळीने निम्मी कौले फोडली, वाळवणे उधळली, वेलावरचे भोपळे अर्धे अर्धे खाऊन फेकले. मारुतीचे रूप म्हणून त्यांना मारता येईना. तेव्हा वाडवडिलांचा उपाय तेवढा उरला. एकाला धरावे, चुना फासावा आणि सोडून द्यावे. ते कळपाकडे धावते. कळप त्याला ओळखत नाही, भिऊन पळतो. ते मागे, कळप पुढे, आणि वस्ती मोकळी होते.

घडलेही तंतोतंत तसेच. पांढरे वानर चिंचेवर चढताच टोळीत एकच किंकाळी उठली. त्याची आईदेखील त्याच्यावर दात विचकून पळाली. टोळी आमराईपलीकडे दिसेनाशी झाली. वस्तीतल्या लोकांनी चुडामणाचा जयजयकार केला. शेजारी भिला, जो त्याच्याबरोबर जातीच्या पंचात बसत असे, त्याने गूळ वाटला.

सिंधुबाई मात्र गूळ घ्यायला बाहेर आली नाही. आठ महिने ती नवऱ्याशी कामापुरतेच बोलत होती. त्यांची एकुलती एक मुलगी अनुसया पहिल्या बाळंतपणाला माहेरी येत असता वाटेत धानोऱ्याला अडली. तेथील ख्रिस्ती सुईण हन्ना हिने तिला आपल्या घरात घेतले आणि मरणाच्या दारातून मागे ओढले. वीस दिवस अनुसयाने हन्नाच्या चुलीवरची भाकरी खाल्ली. एवढ्या अपराधावरून पंचायत बसली. सासरने दार लावले. माहेरचे काय, असे पंचांनी विचारले, तेव्हा चुडामण भरसभेत उठून म्हणाला, "मन्हं बी दार बंद." अनुसया तान्ह्या लेकीसह अजून हन्नाकडेच होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी पांढरे वानर एकटेच परत आले.

त्याचा एक कान फाटला होता. खांद्यावर चाव्यांच्या खुणा होत्या. ते चुडामणाच्याच आढ्यावर बसले आणि खाली अंगणाकडे पाहू लागले. एकाही कौलाला त्याने हात लावला नाही.

"चुडामणदादा, पाव्हना बठेल शे वर!" भिला अंगणाच्या कुडावरून खिदळला. "चहा तरी पाज त्याले!"

चुडामणाने दगड भिरकावला. वानर हातभर सरकले आणि पुन्हा बसले. दुसरा दगड त्याच्या पायाला लागला. ते कण्हले, पण गेले नाही. चुडामणाच्या मस्तकात तिडीक गेली. वानराने चोरी केली असती, कौले फोडली असती, तर बरे वाटले असते. ते नुसते पाहत होते, हेच त्याला सोसवेना. दोन दिवस तो घरात सर्वांवर खेकसत राहिला. तिसऱ्या दिवशीही वानर तेथेच होते, आणि आता ते बसल्या बसल्या कलत होते.

"दादा, मारीसन ते जावाव नही," नारसिंग हळूच म्हणाला. "त्याले आते जागाच नही कोठे. चुना धोई टाका. वयख पटनी तं कळपमा लेतीन त्या."

"मी धोऊ? वांदरले मी आंघोय घालू?" चुडामण गरजला. पण घंगाळ त्यानेच भरले.

नारसिंगाने आढ्यावरून खाली उतरवले, तेव्हा वानराने प्रतिकार केला नाही. चुन्याने त्याची कातडी ठिकठिकाणी फुटली होती. चुडामण पाणी ओतत गेला, चोळत गेला, फुटल्या जागी तिळाचे तेल लावत गेला. खांद्यावरची जखम जवळून दिसली, तेव्हा त्याचा राग उसळला आणि प्रथमच वानरावरून दुसरीकडे वळला. आमराईकडे मूठ उगारून तो ओरडला, "सोतानं लेकरू वयखता येत नही तुमले? हलकटस! रंग बदलना म्हनीसन लेकरूले फाडी खातस?"

सिंधुबाई दारात उभी होती.

"आनि धोईसनबी नही लिन्हं तं त्यासनी?" तिने विचारले.

"नही लिन्हं तं ऱ्हाई आठेच! मी काय हाकली दिसू का त्याले?"

शब्द तोंडातून निघून गेले. नारसिंगाने नजर खाली घातली. कुडापाशी मजा पाहत उभ्या असलेल्या भिलाचे हसणे थांबले.

"नारसिंग," सिंधुबाई म्हणाली, "गाडी जुप. धानोराले जानं शे."

"वहिनी, पंच काय म्हनतीन?" भिला चटकन बोलला.

तिने त्याच्याकडे पाहिले नाही. ती नवऱ्याकडे पाहत होती. चुडामणाचा चेहरा लाल झाला होता. हातावरून पाणी निथळत होते.

"उभा काय ऱ्हायना?" तो नारसिंगावर खेकसला. "जुप!"

सिंधुबाई धावत आत गेली आणि दोन भाकरी फडक्यात बांधून घेऊन आली. हन्नाच्या घरचे पाणीदेखील नवऱ्याला चालणार नाही, हे ती जाणून होती. चुडामणाने ती शिदोरी तिच्या हातून घेतली आणि भिलाच्या देखत कुडावर ठेवून दिली.

"भाकरी ऱ्हाऊ दे आठेच," तो म्हणाला. "मी हन्नाना घरनी खासू."