शेऱ्याचा रकाना

आमच्या शिवणाच्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरात गिऱ्हाइकांची वीस वर्षांची मापं आहेत. पोराने त्याला बाहेरची वेबसाइट जोडून घेतली; गिऱ्हाइकाला म्हणे आपलं माप घरबसल्या दिसणार. जोडणाऱ्या दीडशहाण्याला मी विचारलं, "सगळेच रकाने दाखवणार?"

"आजी, तुम्हाला नाही कळायचं ते."

नाही तर नाही.

दुसऱ्याच दिवशी शाळेच्या हेडबाई तणतणत आल्या. "माझ्या नावापुढे शेरा काय, तर 'पोट आत ओढून माप देते'?"

पोरगा पांढराफटक पडला. "आई, सगळ्यांचे शेरे पुसून टाकतो!"

मी बाईंनाच विचारलं, "पुसू? तो शेरा बघूनच दरवेळी दोन इंच जास्त धरून तुमचा कोट बेतते, म्हणून बटण लागतं."

बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "पुसू नका. फक्त मला दाखवू नका."