आजोबांची नळी

प्लेट तिरकी धरून मास्तरणीने आपल्या आईच्या रक्ताच्या रांगेतले लाल ठिपके पुन्हा मोजले. दहा पट पातळ केलेलं रक्त, मग वीस, चाळीस, ऐंशी, एकशेसाठ. ठिपका जमला म्हणजे रक्ताने विषाणूला अडवलं. लाली पसरली म्हणजे तो मोकाट सुटला. चाळीसपर्यंत ठिपका जमला की पास. लॅबमध्ये ती असे मार्क वाटत बसायची, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत.

पण आधी आजोबांना विचारायचं, हा तिथला शिरस्ता. आजोबा म्हणजे फ्रीझरमधली एक जुनी नळी. दोन वर्षांपूर्वी फ्लूची लस घेतलेल्या कुणा म्हाताऱ्याचं सीरम. आकडा इतका झकास, की साहेबांनी तीच कसोटीला नेमली. रोज प्रत्येक प्लेटमध्ये तिचा एक थेंब. आजोबा बरोबर आले तरच बाकीचे आकडे खरे, नाहीतर सगळी प्लेट कचऱ्यात.

"काय म्हणतात आजोबा?" शेजारच्या टेबलावरून सहकाऱ्याने विचारलं.

"तीनशेवीस."

"बापरे! म्हातारा आपल्या सगळ्यांना पोचवून मगच जाणार बघ."

ती हसली नाही. या विनोदावर ती कधीच हसत नसे. नळीवरचा नंबर तिच्याच अक्षरात होता. सीरम तळाला गेलं होतं. फ्रीझरमध्ये परत ठेवण्याआधी तिने नळी उजेडात धरून किती थेंब उरलेत ते पाहिलं.

फोन वाजला. आई होती. दादाच्या घरी नातीला फ्लू झाला होता, दादा-वहिनीही आडवे पडले होते. आई बॅग भरून दारात उभी.

"आला का गं माझा आकडा?"

"आला. एकशेसाठ."

"अगंबाई, म्हणजे पास की मी! मग निघू ना?"

दोन वर्षांपूर्वी असाच फोन आला होता, दादाच्या घरी निघण्याआधीचा; तेव्हाही तिथे फ्लूच होता. आकडा खोटा नव्हता, लसही खोटी नव्हती. तिने छातीठोकपणे सांगितलं होतं, 'जा बिनधास्त.'

"नको. बॅग खाली ठेव. मी जाते तिकडे."

"का गं? तूच म्हणालीस ना, एकशेसाठ म्हणून?"

तिने हातातली गार नळी मुठीत घट्ट धरली.

"आई, बाबा त्या तापात गेले ना, तेव्हा त्यांचे तीनशेवीस होते. आज सकाळीही तेवढेच आलेत."