फुकटची भेट

निधीनं कन्सोल सुरू केला आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सबस्क्रिप्शनसोबत दर महिन्याला फुकट मिळालेल्या प्रत्येक गेमवर कुलूप दिसत होतं. आईबाबा वेगळे झाल्यापासून धाकटा स्वानंद अकोल्यात आईजवळ होता, ती अमरावतीत बाबांजवळ. भावंडांची भेट व्हायची ती या ऑनलाइन गेममध्येच. कंट्रोलर हातात घेऊनच ती बाबांच्या वकिलीच्या ऑफिसात घुसली. “सबस्क्रिप्शन तुमी बंद केलं?” “तूच सांगतलं ना, गेम फुकट हायेत? मंग पैसे काहून भराचे?” “पैसे थांबले की गेमही बंद! वकील असून अटी वाचल्या नाई?” “वाचल्या,” फायलीतून डोकं वर न काढता बाबा म्हणाले. कंट्रोलर टेबलावर आपटून निधी समोर पक्षकारांसाठी ठेवलेल्या खुर्चीत बसली. “पहिला सल्ला तुमी सगळ्यायले फुकटच देता ना, वकीलसाहेब? मंग सांगा, मले आईकडं राहाचं हाय. अर्ज कसा कराचा?”